होळीत गेलेलं कुंपण

लग्न होऊन शेलूबाजारजवळच्या आमच्या गावात आले, तेव्हा गावच्या विहिरीला भर उन्हाळ्यातही पाणी असतं, असं जो तो सांगे. मी पाहिला तो तिचा तळ. दुष्काळाचीच वर्षं होती ती.

दुष्काळ सरल्यावर, आषाढात, शेतकी खात्याचे एक साहेब चावडीवर येऊन बोलले. नाल्याकाठची झाडं तोडली, वरच्या वळणावरची एक मोठी बाभूळ तेवढी उरली, माती वाहून गेली, पाण्याला मुरायला जागाच राहिली नाही. असंच चाललं तर हवामानही बिघडेल, उन्हाळे वाढतील, पाऊस लहरी होईल. पुरुषांनी माना डोलावल्या आणि तंबाखू मळली. हवा माणसाच्या हातून बिघडते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. देवाची करणी असती तर मी गप्प बसले असते. माणसांची म्हटल्यावर बसवेना.

त्यांनी दिलेली कडुनिंबाची अन् करंजाची रोपं आम्ही बायांनीच विहिरीच्या वरच्या अंगाला, नाल्याकाठी लावली आणि भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. दिवाळीनंतर पाळीपाळीने पाणी. माझ्या जोडीला बौद्धपुऱ्यातली एक काकू असायची. घरचं पाणी भरतानाच कंबर मोडायची, वर रोपांची एक घागर.

"घरात रांजण रिकामा, अन् झाडायले पाणी!" सासूबाई म्हणत. मला राग येई, पण भांडायचं त्राण नसे.

फाल्गुनात होळी आली. होळीसाठी कोणाचंही लाकूड पळवलं तरी आमच्याकडे ती चोरी धरत नाहीत. अंगणातलं मोडकं बाजलंसुद्धा जातं. धुळवडीच्या सकाळी काकू दारात येऊन उभी राहिली. बौद्धपुऱ्यात होळी नव्हती, म्हणून ती एकटीच नाल्यावर जाऊन आली होती.

"बाई, काट्या नेल्या सगळ्या. रोपं बकऱ्यायनं खाल्ली."

गावची होळी माझे सासरेच पेटवत. मी त्यांना विचारलं, "मामाजी, तुमच्यासमोर नेल्या काय काट्या?"

"मंग? होळीले नाही म्हणता येते काय?" त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, तेच जास्त लागलं.

त्यांनी होळीच्या विस्तवावर तापवलेल्या पाण्याची बादली माझ्यापुढे ठेवली. त्या पाण्याने अंघोळ केली की वर्षभर खरूज होत नाही म्हणतात. मी अंघोळ केली नाही. पाणी निवू दिलं आणि नाल्यावर नेऊन बुडख्यांना घातलं. मामाजी मागोमाग आले.

"आता कायले पाणी टाकून राह्यली वं?"

"मुळं जित्ती असतीन, मामाजी."

ते ओशाळले आणि रिकामी बादली उचलून घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर मामाजी बैलगाडीतून काटे उतरवत होते, ताजे, हिरवे, गाडीभर. कोणा पुरुषाने या कामाला हात लावल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते. मला भरून आलं. इतक्या दिवसांचा शीण एकदम हलका झाला.

"इतके कोठून आणले, मामाजी?"

त्यांनी नाल्याच्या वरच्या वळणाकडे बोट केलं. चेहऱ्यावर घाम होता, आणि समाधानही.

"ते मोठी बाभूय होती ना, तेच पाडली. आता तुले काटे कमी नाही पडाचे."

मी तिथेच खाली बसले.