तात्यांचं विसरणं

तात्या गेले हे मला मासळीवालीनं सांगितलं, तेव्हा मी सुरमईचे कल्ले उघडून ती ताजी आहे का ते बघत होते. माझा स्वभावच तसा, समोर आलेलं उलटून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. "कोण म्हणालं?" मी विचारलं. तात्या नाटकात इतक्या वेळा मेले होते की ही बातमीसुद्धा मला एकदम खरी वाटेना. मासळीवालीनं पदर डोळ्याला लावला, तेव्हा मात्र सुरमई तिच्या टोपलीत ठेवली आणि तशीच निघाले...

तात्यांची रत्नागिरीत कौलांची वखार. स्वतःला मूलबाळ नाही, पण अर्ध्या आळीतली पोरं त्यांनी दिलेले गणवेश घालून शाळेत जायची. कुणाला चष्मा, कुणाला दप्तर. आणि दर गणपतीत मुलांचं एक नाटक, तालमी वखारीतच. लोक कौतुक करायचे. मी मात्र म्हणायची, फुकट कोण करतंय हो, नगरपालिकेला उभे राहणार असतील. निवडणूक आली, गेली, तात्या काही उभे राहिले नाहीत. मी म्हटलं, पुढच्या वेळची तयारी असेल. अजूनही तेव्हा चुकीचं बोलले असं मला वाटत नाही. एकट्यानं पोर वाढवायची, नवरा बोटीवर, कधी येईल त्याचा भरवसा नाही, अशा बाईनं विश्वास टाकायचा तो कुणावर?

पोर म्हणजे माझी वैजू. बोलताना अडखळायची. पहिलं अक्षरच तोंडातून सुटायचं नाही, मान ताठ व्हायची, डोळ्यांत पाणी. वर्गातल्या पोरी नकला करायला लागल्यावर तिनं बोलणंच सोडलंन. हजेरीला नुसता हात वर. घरीसुद्धा दोन-दोन दिवस शब्द नाही. ही पोर अशीच मुकी होऊन बसते की काय, ह्या भीतीनं माझा जीव टांगणीला लागलेला. आणि एक दिवस तात्या दारात. म्हणाले, वैजूला नाटकात घ्यायचं आहे. काम कसलं, तर प्रॉम्प्टिंगचं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिचे स्वतःचे शब्द सुटत नाहीत तिनं दुसऱ्यांना शब्द पुरवायचे? मला वाटलं, पडद्यामागे लपवून ठेवायची आणि वर मिरवायचं, अशा पोरीलाही घेतलं म्हणून. मी नाही म्हणणार, तोच वैजूनं माझा पदर ओढला. तिला जायचं होतं. मग मी अट घातली, मी तालमीला येऊन बसणार. तात्या म्हणाले, "बसा की."

तर मी काज-बटणांचं काम घेऊन वखारीत बसायला लागले. गोणपाटाचा पडदा, त्याच्यामागे कौलांची चवड रचलेली, त्यावर वैजू. पहिल्याच दिवशी माझी सुई थांबली. पोर कुजबुजत होती आणि कुजबुजताना अडखळत नव्हती! पण तात्यांचं काही मला कळेना. नाटकातला म्हातारा राजा तेच करायचे आणि रोज विसरायचे. पोरं सगळी चोख, हा माणूस ठरलेल्या वाक्याला अडणार. वर कानाला हात लावून पडद्याकडे बघणार, "बायो, ऐकू नाय आलं गो. जरा वर." वैजू जरा मोठ्यानं सांगायची. पुन्हा तेच, "जरा वर." मला संताप यायचा. पाठ करायला नको आणि पोरीला दमवायचं, कसले हे नट!

प्रयोगाच्या दिवशी मंडप भरलेला. राजा पुढे आला आणि थांबला. पडद्यामागून कुजबूज ऐकू आली. तात्यांनी कानाला हात लावला. पुन्हा कुजबूज, पुन्हा हात. लोक हसायला लागले. मी उठले, आता पडद्यामागे जाऊन पोरीला घरी न्यायची एवढंच डोक्यात. तेवढ्यात आवाज आला, मागच्या रांगेपर्यंत, खणखणीत, "राजाला झोप लागत नाही, कारण त्याला कुणी गोष्ट सांगत नाही!" माझ्या वैजूचा आवाज. सबंध वाक्य. मी होते तिथेच मटकन बसले आणि रडले, सांगायला लाज कसली. अडखळणं तिचं पुढेही राहिलं, पण गप्प बसणं गेलं. आठवड्याभरात शाळेतल्या बाई सांगायला आल्या की ती आता तोंडानं हजेरी देते.

मी तात्यांना गाठलं. "खरंच विसरलात की सोंग?" ते म्हणाले, "वय झालं आता." चेहरा इतका भोळा की माझा संशय बळावला. पुढे कित्येकदा विचारलं. उत्तर तेच...

दिवसकार्य आटोपल्यावर वैजूला घेऊन तात्यांच्या बायकोला, काकूंना भेटायला गेले. वैजू आता कॉलेजात आहे. अशा वेळी विचारू नये, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. तात्यांना ऐकू कमी यायचं का हो? आणि विसरायचे का? काकू पहिल्यांदाच हसल्या.

"विसरतात कसले! न्हाणीघरात सगळ्यांची कामं म्हणायचे, मुलींचीसुद्धा. आणि कान म्हणशील तर मांजर दुधाला तोंड लावी, ते त्यांना माडीवर कळायचं."

म्हणजे माझा संशय खरा होता. माणूस लबाडच. एवढ्या लोकांसमोर हसं करून घेतलं, तेसुद्धा ठरवून, आणि मला मरेपर्यंत पत्ता लागू दिला नाही. मला त्यांचा इतका राग आला की डोळे वाहायला लागले.

वखार आता बंद आहे. कौलं विकली गेली, पण पडद्यामागची ती चवड काकूंनी कुणाला उचलू दिलेली नाही. त्या दिवशी त्यांनी कुलूप काढून दिलं, तशी वैजू जाऊन त्या चवडीवर बसली. थोड्या वेळानं राजाचं वाक्य कुजबुजली, अगदी हळू. मग आम्ही दोघीही थांबलो. आता "ऐकू नाय आलं" येणार म्हणून... कुणी काही म्हणालं नाही. तेव्हा वैजूनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा वर.