तारेच्या अलीकडची तबकडी

मला कोणी खोटं म्हटलं की मी आधी भांडते आणि मग विचार करते. नवरा म्हणतो, एकदा हा क्रम उलटा करून बघ. पण नांदुऱ्याच्या शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही मला ते जमलेलं नाही. उडत्या तबकडीचं प्रकरण एवढं वाढलं ते या स्वभावामुळेच.

नववीच्या मुलांना मी रोज चंद्र बघून त्याची आकृती वहीत काढायला सांगितली होती. दिवाळी होऊन काही आठवडे झाले होते. त्या रविवारी मी बहिणीकडे खामगावला गेले होते आणि परतताना संध्याकाळी एका जिनिंग कारखान्यासमोर बसची वाट बघत उभी होते. शेडच्या टिनांवर चंद्राची बारीक कोर दिसली. मुलांना दाखवू म्हणून मोबाइल काढला, एक फोटो घेतला, फ्लॅश आपोआप उडाला आणि तेवढ्यात बस आली. घरी येऊन बघते तर चंद्राच्या बाजूला एक मोठी गोल तबकडी. कडेला उजेड, मध्ये धूसर, आणि चंद्रापेक्षा चांगली दहापट मोठी.

मी तो फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आज खामगावात आकाशात हे दिसलं.' बस, एवढंच.

गणिताच्या सरांनी उत्तर दिलं की आता मोबाइलमध्ये हत्तीसुद्धा उडवता येतो. माणूस तसा सालस, पण हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ठणकावून सांगितलं की फोटोत मी काडीचाही फेरफार केलेला नाही आणि ती वस्तू मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. मधल्या सुट्टीत पुन्हा सांगितलं. मुलांनी विचारलं तेव्हा वर्गातही सांगितलं. चार दिवसांत अशी गत झाली की ती मला आठवायलाही लागली. शेडवरून हळूच पश्चिमेकडे सरकणारी, जराही आवाज न करणारी.

त्या आठवड्यात मी बाजारात मेथी घ्यायला गेले. तिथे भाजी विकणाऱ्या एका बाईची मुलगी माझ्या वर्गात आहे. ही मुलगी सातवीत असताना वर्गात दोनदा पडली होती. हातपाय ताठ, तोंडाला फेस. घरचे म्हणत, अंगात येतं. मी वर्षभर त्या बाईच्या मागे लागले, भांडले, शेवटी स्वतः बरोबर जाऊन डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले. तेव्हा माझं एकच पालुपद होतं, डोळ्यांनी तपासल्याशिवाय काही मानू नका.

मेथी पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "मॅडम, तुमाले म्हने आकाशात काही दिसलं. सासू म्हनते, मॅडमलेच असं दिसते तं पोरीच्या अंगात येते तेबी खरंच असन. गोया बंद करून पाहू म्हनते."

मी म्हटलं, गोळ्या बंद करायच्या नाहीत, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. ती मान डोलवत म्हणाली, "तुमी तं खोटं बोलत नाही."

गोळ्या मध्येच बंद केल्या तर काय होतं ते डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. एवढा वेळ मला गणिताच्या सरांना गप्प करायचं होतं. आता मला त्या फोटोत काय आहे ते कळायला हवं होतं, आणि लवकर.

मला एकच माणूस आठवला. खामगावचे एक फोटोग्राफर, दरवर्षी आमच्या शाळेत दहावीचा ग्रुप फोटो काढायला यायचे. मुलं त्यांना काका म्हणत आणि मीही म्हणते. रविवारी त्यांच्याकडे गेले. स्टुडिओच्या जागी आता सुनेचं झेरॉक्सचं दुकान आहे. काका आत खुर्चीवर बसले होते. मी सगळी हकीकत सांगितली आणि मोबाइल पुढे केला, तर त्यांनी तो घेतलाच नाही. दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमधच डाग पडलेत, म्हणाले, कडेकडेचं तेवढं दिसतं.

"मले आता फोटो दिसत नाही, मॅडम. तुमी सांगा, मी पाहतो."

मी तबकडीपासून सुरुवात केली. त्यांनी थांबवलं. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करा म्हणाले, तिचं नाव शेवटी घ्या. मला वैताग आला, पण ऐकलं. रस्ता. कडुनिंबाची फांदी. शेडची टिनं. विजेचा खांब, त्यावरून गेलेली तार. असं एकेक सांगत मी वर गेले.

तबकडीखालच्या टिनांवर उजेड पडलाय का, त्यांनी विचारलं. नव्हता. एवढी लखलखीत वस्तू वर आणि टिनं काळी. हे मला एवढ्या दिवसांत दिसलं नव्हतं.

"अन् तार? चकतीच्या पुढून जाते का मांगून?"

मी फोटो मोठा केला. तार चकतीत शिरली की पुसट होत होती आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा स्पष्ट बाहेर पडत होती. मागून, मी म्हटलं.

"म्हंजे चकती तारेच्या अलीकडं."

मी हो म्हटलं. तार तुमच्यापासून किती लांब होती, त्यांनी विचारलं. रस्त्याच्या पलीकडे, दहा-बारा पावलं, असं मी सांगितलं आणि माझं मलाच ऐकू आलं. आकाशातली वस्तू दहा पावलांच्या आत होती. मग सहज विचारल्यासारखं काकांनी विचारलं, त्या दिवशी अंगात काय घातलं होतं. मरून स्वेटर, मी म्हटलं, आणि मग मला ती बस आठवली. नांदुरा येईपर्यंत मी त्या स्वेटरवरचे पांढरे तंतू वेचत बसले होते. हंगामात जिनिंगच्या आसपासच्या हवेत रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, उडतच असते. एक कण मोबाइलच्या तोंडाशी आला, त्याच्यावर फ्लॅश पडला.

"रुई," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली. ज्या माणसाने सारा जन्म या कापसाच्या गावात फ्लॅश उडवला, त्याला माझ्या तोंडून जिनिंग शब्द निघाला तेव्हाच कळलं असणार. ते एका वाक्यात सांगू शकले असते. सुनेसमोर, झेरॉक्सला आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर माझी फजिती झाली असती आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी तिथेही वाद घातला असता. त्यांनी अर्धा तास घालवून ते मलाच सापडू दिलं. त्याबद्दल मी त्यांचे उपकार मानते, अजूनही मानते.

म्हणजे फोटो खोटा, मी म्हटलं.

"फोटो खरा आहे. जे समोर होतं ते आलं त्यात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "डोयानं पाह्यली होती का तुमी?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आठवडाभर ते वाक्य घोटून तयार होतं. पण त्यांचा चेहरा माझ्याकडे होता आणि त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, आणि मला ते वाक्य बोलता येईना.

"नाही," मी म्हटलं. "घरी आल्यावर मोबाइलमध्ये पाहिली."

त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं, एवढंच. निघताना मी चपला घालत होते तेव्हा मागून म्हणाले, "अन् चंद्र कसा आला?"

ज्याच्यासाठी फोटो काढला त्याच्याकडे कोणीच पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी परत आत गेले, त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले आणि चंद्र सांगितला. बारीक, जरा कललेला, वरचं टोक थोडं पसरलेलं. "चांगला आला मंग," ते म्हणाले.

सोमवारी मी ग्रुपवर आणि वर्गात सगळं सांगितलं, न पाहता पाहिलं म्हटल्याचंही. गणिताच्या सरांना टोमणा मारायला ही सोन्यासारखी संधी होती. त्यांनी फोटो पुन्हा मागून घेतला आणि जवळची लहान वस्तू लांबच्या मोठ्या वस्तूएवढी का दिसते ते फळ्यावर त्रिकोण काढून मुलांना समजावलं. त्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते.

पण खरं सांगायचं होतं बाजारात. शाळा सुटल्यावर तडक गेले. भाजी घेतली नाही, आधी बोलले. मी आकाशात काही पाहिलं नव्हतं, मोबाइलमध्ये पाहिलं, आणि ती रुई होती. मी चुकीचं बोलले.

"दाखवा बरं," ती म्हणाली.

ओले हात पदराला पुसून तिने मोबाइल घेतला. सगळ्या शाळेने तो फोटो पाहिला होता. तिच्यापर्यंत फक्त माझा शब्द पोचला होता. तिने एकदाच पाहिलं.

"हे तं रुईच हाय, मॅडम. कापूस येचता येचता जिनगी गेली आमची. आमाले इचारलं असतं."

मी गोळ्यांचं विचारलं.

"चालूच हायेत. सासूले म्हनलं, मॅडम पुन्ना येऊन काय सांगते ते आयकू. तवरोक देतो."

एवढे दिवस ती माझी वाट बघत होती आणि रोज सकाळी मुलीला गोळी देत होती. मला तिथेच, गर्दीत, रडू आलं. तिने न विचारता मेथीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.