दोनशे बारा पायऱ्या

अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनमध्ये प्रत्येक मराठी माणूस अर्धा वकील असतो. खरा वकील कंपनी नेमते. अर्धा वकील पॉटलकच्या, म्हणजे घरोघरचे डबे जमवून केलेल्या जेवणाच्या, रांगेत हातात प्लेट घेऊन भेटतो, फुकट बोलतो आणि खऱ्यापेक्षा ठाम बोलतो. मी त्यातला पुढारी. माझं ग्रीन कार्ड कधीच होऊन गेलं, त्यामुळे दुसऱ्यांच्या व्हिसाबद्दल माझी जीभ फार मोकळी सुटते. बुद्धभूषणला टोकियोचा सल्ला दिला तो मीच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे दोषी कोण हे शोधत बसायला नको.

बुद्धभूषण आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहतो. मूळचा नागपूरचा, वय सेहेचाळीस, एका इन्शुरन्स कंपनीचे डेटाबेस सांभाळतो. नाकासमोर चालणारा माणूस. सोळा वर्षं इथे आहे आणि अजून वर्क व्हिसावरच. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. इथे राहायला, काम करायला त्याची अडचण नसते. पण एकदा देशाबाहेर पडलं की नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही. त्याचे वडील गेले तेव्हा विमानं बंद होती, सगळं त्याने फोनवर पाहिलं. पुढे आमच्या ओळखीचा अक्षत आजारी आईला भेटायला म्हणून भारतात गेला. त्याची शिक्क्याची अपॉइंटमेंट पुढे ढकलली गेली, मग आणखी पुढे. सात महिने तो तिकडे, बायको आणि लहान मुलगी इकडे, आणि नोकरी कुठेच नाही. ते पाहून बुद्धभूषणने नागपूरचं नाव काढणंच सोडलं. घरी जागृती, म्हणजे त्याची बायको, आणि शाळेतली अनन्या. त्यांना टांगून कसा जाईल?

त्याच्या आई गिरजाबाई एकाहत्तर वर्षांच्या. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. जपानची चार मोठी बेटं त्या फळ्यावर डोळे मिटून काढत, पण खरा समुद्र काही त्यांनी पाहिला नव्हता. इकडे यायचा त्यांचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. मायलेकांची भेट होऊन सात वर्षं झाली होती.

म्हणून बुद्धभूषणने मधली जागा शोधली. जपानच्या आतल्या समुद्रातलं एक बेट, वस्ती जेमतेम तीनशे, गाड्या नावाला. चार दिवस, फक्त पायी, तेही सावकाश. “आईला आयुष्यभर कोणी हळू चालू दिलं नाही, दादा,” तो मला म्हणाला. “सकाळची शाळा, दुपारची शाळा, मधे स्वयंपाक. बाई कायम पळतच होती. आता तिच्या स्पीडने चालायचं.” बेटाच्या टोकाला टेकडीवर एक जुनं बुद्धविहार होतं. वर जायला दोनशे बारा दगडी पायऱ्या. आईचे गुडघे झिजलेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चालायचं ते यंदाच चालून घ्या. बुद्धभूषणने फोनवर शब्द दिला होता, “पायऱ्या मी हात धरून चढवीन.”

दोन वर्षं त्याने त्या बेटाचा अभ्यास केला. पाणी कुठे मिळतं, बाक कुठे आहे, कुठल्या वळणावर सावली आहे. विहाराच्या दारात कापराचं मोठं झाड होतं, त्याचा फोटो त्याने आईला पाठवला तेव्हापासून त्या माउलीला त्या झाडाचाच ध्यास. आणि रोज संध्याकाळी आमच्याकडच्या जुन्या रेल्वेमार्गावरच्या ट्रेलवर हा आईच्या वेगाने चालायची प्रॅक्टिस करायचा. मिनिटाला चाळीस पावलं. सायकलवाले ओरडत जायचे, बाबागाडी ढकलणाऱ्या बायका ओव्हरटेक करायच्या. मी हसायचो. “अरे, तुझ्यापुढे गोगलगाय निघून गेली,” म्हणायचो.

शिक्क्याचा प्रश्न उरला, तिथे मी तोंड घातलं. “टोकियोत स्टॅम्पिंग करून घे यार. सगळे करतात. आईला भेट, शिक्का घे, परत ये.” त्याने अपॉइंटमेंट घेतली. तिकिटं काढली, स्वतःचं आणि आई व रत्नामावशी या दोघी बहिणींची. आणि निघायला महिना असताना नियम बदलला: शिक्का ज्याने त्याने आपापल्या देशात जाऊन घ्यायचा. टोकियोची वाट बंद. खऱ्या वकिलाने एका ओळीची ईमेल पाठवली, जाऊ नका.

त्याच आठवड्यात, कोणा पायी फिरणाऱ्याच्या ब्लॉगवर त्याने वाचलं की ते कापराचं झाड गेल्या वर्षीच्या वादळात पडलं आणि कापून नेलं. ते त्याने आईला सांगितलं नाही. “आधीच मी येत नाहीये,” तो म्हणाला, “अजून झाड कुठे काढून घेऊ तिच्याकडून?”

मी माफी मागायला गेलो तर त्याने मलाच चहा करून दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हा माणूस भांडत नाही, याचा मला फार राग येतो.

आई म्हणाल्या, तू नाही तर मीही नाही. त्याने समजूत घालून दोघींना पाठवलं.

ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी आम्ही दोघं ट्रेलवर होतो. आमचे सहा, तिकडे सकाळचे सात. त्याच्या हातात फोन, फोनमध्ये आई, आईच्या मागे समुद्र. तिकडे त्या चालत होत्या, इकडे हा. चाळीस पावलं. “पुढे डाव्या हाताला बाक आहे, आई,” हा म्हणे, आणि खरंच बाक येई.

“तू बी चालून राहिला का रे?”

“हो, तुझ्याबरोबरच आहे.”

पायऱ्या आल्या. फोन हलू लागला. मावशींचा आवाज आला, “ताई, राहू दे ना व.” बुद्धभूषण थांबला. त्याचा मोकळा हात कोपरात वाकून पुढे आलेला होता, कोणी धरावा म्हणून. मी दुसरीकडे पाहिलं. स्क्रीनवर नुसते दगड, मग मावशींची ओढणी, मग काळोख.

“आई? कॅमेरा बंद झाला.”

“बॅटरी कमी आहे बाबू. मी चढून राहिली. तू बोलू नको, दम लागते.”

आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं, दहा, पंधरा. तो ओठातल्या ओठात पायऱ्या मोजत होता. नागपूर नाही, जपान नाही, हर्नडनच्या त्या ट्रेलवर तो नुसता उभा होता, आणि त्याला कुठेच जाता येत नव्हतं.

मग आवाज आला. दम अजिबात लागलेला नव्हता. “पोहोचली बरं का. लय छान आहे रे. समुद्र दिसते चारी बाजूंनी. अन् तुझं ते झाड! फोटोत होतं ना, त्याच्याहून मोठं आहे. सावली कशी गार पडली आहे.”

बुद्धभूषणने माझ्याकडे पाहिलं.

“हो आई,” तो म्हणाला. “मोठंच आहे ते. बस थोडा वेळ सावलीत.”

“बसलीच आहे ना बाबू,” आई म्हणाल्या.