व्याह्यांनी नेलेलं बियाणं

साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात सौद्यात मला हरवणारा एकच माणूस झाला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. खेडच्या बाजारात पाठीवर पोती वाहून मी भाताचं दुकान उभं केलं. माझ्याशी घासाघीस करताना भल्याभल्यांना घाम फुटे. हे गृहस्थ घासाघीस करीतच नसत. लेकीच्या लग्नाच्या बैठकीला मी हुंड्यावर भांडायच्या तयारीने गेलो, तर म्हणाले, "हुंडा नको. तुमच्या माळ्यावरचं बियाण्याचं भात द्या." चार माणसांसमोर नाही कसं म्हणणार? वर्षानुवर्षं निवडून जमवलेलं माझं बी त्यांनी गाडीत घालून नेलं. ते दुखणं अजून आहे.

कोणाच्याही घरी गेले की ते भाताचा दाणा मागून दाताखाली धरत आणि डोळे मिटून निकाल देत. लग्नात हातातल्या अक्षताही त्यांनी चावून पाहिल्या, आणि मंगलाष्टकं चालू असताना माझ्या कानाशी म्हणाले, "तांदूळ जुना आहे हो, व्याहीबुवा."

मांडव उतरतो न उतरतो तोच वादळ झालं. बुरोंडीच्या बाजूची मच्छीमारांची एक वाडी होड्यांसकट समुद्रात गेली. उरलेली माणसं पोरंबाळं घेऊन डोंगर चढून व्याह्यांच्या गावात आली. गावातल्या धान्याच्या कणग्या आधीच तळाला लागलेल्या. "आम्ही खावं की ह्यांना घालावं?" गावकरी विचारू लागले. व्याही म्हणाले, "तुमचे मुलगे मुंबईला गिरणीत. लावणीला माणूस नाही म्हणून गेल्या साली निम्मे मळे पडीक राहिले. ह्यांना मळे द्या, ह्यांचे हात घ्या. बी माझं."

ते 'माझं' खेडला माझ्या कानावर आलं, तसा मी तडक भांडायला गेलो. "उपाशी माणसाच्या हाती बी देता? उद्या कांडून खातील."

"मोड आलेलं कसं कांडतील?" ते म्हणाले. भात भिजवून, मोड आणूनच ते वाटत होते. टोपल्यांवर छत्री धरलेली, स्वतः उन्हात. "आणि तोवर आमच्याकडे नाचणीची आंबील आहे. तुम्हीही घ्या, डोकं थंड होईल."

रोपं तरारली. मच्छीमारांनी ती उपटून मुठी बांधल्या, पण जाळ्याच्या गाठीने. लावणीला वाकलेल्या बायकांना एकही मूठ सुटेना.

"मेल्यांनो, रोपं बांधलीत की होडी?" एक म्हातारी कडाडली.

"सैल बांधायला आमचा हात शिकलाच नाय, आये," एक मच्छीमार ओशाळून म्हणाला. "दर्यात सुटलं की माणूस जातो."

बांधावर कुजबुज सुरू झाली, ह्यांच्या हातून शेती व्हायची नाही, परत धाडा. कोणी ते मोठ्याने बोलायच्या आत व्याही चिखलात बसले आणि दातांनी गाठ सोडू लागले. मग मला म्हणाले, "बसा, बी तुमचंच आहे." साऱ्या गावासमोर त्यांनी ते पहिल्यांदाच कबूल केलं. मी धोतर खोचून बसलो. आम्ही दोघे बसलेले पाहून कुजबुज करणारेही बसले.

त्या दिवाळीला मूळच्यांच्या आणि आलेल्यांच्या, सगळ्या चुलींवर नवा भात शिजला. असं गाव जिल्ह्यात दुसरं नाही, हे मी बाजारात कोणाशीही भांडून सांगतो.

व्याही गेले. लेक दरवर्षी नव्या भाताचं पोतं धाडते. पोत्याच्या तोंडाला तीच जाळ्याची गाठ असते. आता गावातले सगळेच तशी बांधतात. हमाल कोयता घेऊन पुढे येतो, त्याला मी हटकतो. शिव्या घालीत गाठ दातांनी सोडतो, आणि सुटली की एक दाणा चावून, डोळे मिटून बसतो.