महेजबीनभाभीनं धूळ धरली

छातीत धूळ गेली तर गुळाचा खडा खावा, हे मलकापुरात कुणीही सांगेल. मीही सांगितलंय. माझं सायकलचं दुकान महेजबीनभाभीच्या गादी कारखान्यासमोर आहे, आणि फुकटचे सल्ले द्यायला मला वेळ भरपूर.

नवरा गेल्यावर कापूस पिंजायचं मशीन भाभी आणि तिचे सासरे अब्दुल गनी चालवत. बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा पहिली दोन वर्षं शेतकऱ्यांनी लेकींच्या लग्नाला नव्या गाद्या भरून घेतल्या. मग पिकानं दगा दिला. लोक वीस वर्षांच्या जुन्या गाद्या पिंजायला आणू लागले, आणि जुन्या गादीत कापसापेक्षा धूळच जास्त. भाभीचा खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, "धंदा सोडा, नाहीतर छाती जाईल."

"छाती मायी, धंदाबी मायाच. दोन्ही ठेवीन मी," भाभीनं तिथंच ऐकवलं.

ती अकोल्याला गेली. सुतार भुसा ओढायला वापरतात ते चाकांचं मशीन मागितलं. दुकानदार लहानसं दाखवू लागला.

"बारीक पाइपात कापसाची रुई अडकते. मले मनगटाहून जाड पाइप पायजे. आन् पिशवी अशी दे, का बारीक धूळ परत बाहेर येनार नाई."

मशीन आलं. पण पिंजाऱ्याच्या घरात कापसाचा पुंजकाही वाया घालवत नाहीत. पाइप रुई ओढून नेईल या भीतीनं तिनं तो दोन हात लांब ठेवला. आठवडाभर मशीन नुसतं घोंघावलं, खोकला तसाच.

"मशीनलेबी गूळ चार," अब्दुल गनी म्हणाले. मी खो खो हसलो. आता लाज वाटते.

भाभीनं दोऱ्याला पुंजका बांधला आणि पाइपाच्या तोंडाजवळ नेत गेली. वीतभर अंतरावर दोरा ताठ ओढला गेला. तेवढ्याच अंतरावर, पिंजायच्या मशीनमधून जिथून धूळ उडते तिथं, तिनं पाइप तारेनं बांधला. रुई अडावी म्हणून तोंडाला जाळी लावली.

संध्याकाळी ओढणीनं नाक-तोंड बांधून तिनं पिशवी परातीत रिकामी केली. काळी धूळ, दीड किलो तरी असेल. परात सासऱ्यांपुढे ठेवली.

"अब्बा, हे एका दिवसाचं. कालपर्यंत आपन दोघं हेच खात होतो. सांगा, याले किती गूळ पुरन?"

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं, तर भाभी यायच्या आधीच अब्दुल गनी मशीन चालू करून, पाइपाच्या तोंडाशी पुंजक्याचा दोरा धरून ओढ तपासत बसले होते.