कागद उलटा उडाला

दावणगेऱ्याच्या नागनगौडांची गाडी चालताना थंड राहायची आणि सुरू ठेवून उभी केली की तापायची. इराप्पा मिस्त्रीने नवा पंखा बसवला, तरी रोग तोच. वैतागून त्याने मंडक्कीच्या, म्हणजे चुरमुऱ्यांच्या, पुडीचा कागद रेडिएटरच्या जाळीसमोर धरला. पंख्याने तो आत ओढायचा, तर उलट त्याच्याच तोंडावर फेकला. तारा उलट जोडल्या होत्या, म्हणून पंखाही उलटा फिरत होता.

“कुठल्या गाढवाने जोडल्या?” गौडा म्हणाले.

“मीच की.”

भर उन्हात त्याने दोन्ही तारा डोळ्यांशी नेल्या. त्याला दोन्ही काळ्याच दिसल्या. डबा घेऊन आलेल्या बायकोला त्याने विचारलं, “गंगव्वा, यातली निळी कुठली गं?”

“ही. अहो, मग सकाळी शाळेच्या गाडीच्या तारा कशा ओळखल्या?”

इराप्पा अनवाणीच शाळेकडे निघाला.