व्हर्नाबाईंचा गुडघा

नेवाडाच्या डोंगरात जूनमध्ये बर्फ वितळलं, की पायवाटांवर आडवी पडलेली झाडं कापायला गावातली हौशी मंडळी निघतात. त्या रानात इंजिनाच्या करवतीला बंदी आहे, म्हणून दोघांनी दोन टोकांना धरायची लांब करवत चालते. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या व्हर्नाबाईंनी अठरा वर्षं तिचं एक टोक सोडलं नव्हतं. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वनरक्षक क्लेटनने त्यांना सरबताच्या टेबलामागे बसवलं.

"गुडघा कापलाय, हात नाही," बाई फणकारल्या.

"यंदा आराम करा की, बाई!"

त्यांच्या जागी आला ट्रेव्हर, व्यायामशाळेत दंड कमावलेला. क्लेटनच्या समोर बसून तो करवत ओढायचा आणि लगेच ढकलायचाही. पातं वाकून ओंडक्यात रुतलं. तळ्यावर मासे धरायला निघालेले लोक गळ सावरत मागे खोळंबले.

"अरे पैलवाना, ढकलतोस काय? बंद पडलेली बस आहे का ती?" बाई काठी टेकत आल्या. "आपण ओढायचं आणि सोडून द्यायचं. समोरचा त्याचं तो ओढतो."

क्लेटनने पाचर ठोकून पातं सोडवलं. बाईंनी बादली पालथी घातली, तिच्यावर बसून मूठ धरली. वीस मिनिटांत ओंडक्याचे दोन तुकडे.

"उद्या सातला, वरच्या वाटेवर," क्लेटन घाम पुसत म्हणाला.

"सहाला. आणि सरबताला याला बसव. दंड चांगले आहेत, लिंबं पिळेल."